घाटाचा दिवस

१२ ऑक्टोबर, सकाळी सहा

ताई,

'तीर्थरूप' लिहून खोडलंय ते तुला दिसेलच. अकरा वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम तीर्थरूप म्हटलं असतं, तर तू चष्मा कपाळावर चढवून म्हणाली असतीस, "हिचं काय काम निघालं आता?" म्हणून आधीच सांगते, काही काम नाही. मी घाटाखालच्या गावात आहे आणि इथवर सायकलवर आले आहे.

चोपन्नाव्या वर्षी. हसू नकोस. किंवा हस, मला कुठे ऐकू येणार आहे. दवाखान्यातून सहा आठवड्यांची रजा काढली. तीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढतेय, पण एवढी रजा कधी मागितली नव्हती, त्यामुळे मोठ्या डॉक्टरांना वाटलं मलाच काही झालंय. "तुमचाच एक्स-रे काढून घ्या आधी," म्हणाले. पश्चिमेच्या समुद्रावरून निघाले त्याला आज एकोणिसावा दिवस. एकतीस वर्षांपूर्वी आपण गेलो तोच रस्ता. फक्त तेव्हा आपल्या सायकली काळ्या, बिनगिअरच्या, आणि त्यातली माझी म्हणजे बाबांची मीटर रीडिंगची, कॅरिअरवर वीज कंपनीचा नंबर रंगवलेला. आता माझ्या सायकलला सत्तावीस गिअर आहेत. त्यातले मी चार वापरते.

आपण राहिलो होतो ती खानावळ अजून आहे. म्हातारी गेली, तिची सून बघते सगळं. वरची खोली मी मागून घेतली. तिला कारण सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही, फक्त म्हणाली, "त्या खोलीची खिडकी लागत नाही नीट, वारा येईल." तेव्हाही लागत नव्हती. तू त्यात तुझा मोजा खोचला होतास.

खिडकीतून रस्ता दिसतो. सगळा घाट दिसतो खरं तर, अगदी वरच्या खिंडीपर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखा. त्या संध्याकाळी तू खाली अंगणात दोन्ही सायकली उलट्या करून चेनला तेल देत होतीस आणि मान वर करून त्याच्याकडे बघत होतीस. तीन वर्षं नकाशे घेऊन बसली होतीस तू या एका दिवसासाठी. प्रत्येक मुक्कामाची यादी टाइप केली होतीस, पत्ता आणि फोन नंबरसकट, आणि एक प्रत काकांच्या दुकानात फ्रेम करून लावायला लावली होतीस. काकांनी खरंच फ्रेम केली. चांगल्या काचेत.

मी बूथवर घरी, म्हणजे काकांच्या दुकानात, फोन करायला गेले, कारण खानावळीच्या फोनला कुलूप होतं, बाहेर लावता यायचा नाही, आणि परत येऊन तुला सांगितलं की लाइन लागली नाही. तू म्हणालीस, "जाऊ दे, उद्या पलीकडून करू." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडून तू फोन केलास तेव्हा बाबा गेलेले होते.

हे सगळं तुला माहीतच आहे. काकांनी आपल्याला वेळेत कळवलं नाही म्हणून तू त्यांच्याशी वीस वर्षं बोलली नाहीस, हेही माहीत आहे. तुझ्या लग्नात ते शेवटच्या रांगेत बसले आणि न जेवता गेले. आणि ते वारले तेव्हाही तू आली नाहीस. म्हणून मी तुझ्या शाळेत आले आणि ऑफिसात, शिपाई आणि दोन पालक उभे असताना, तुला म्हणाले, "माणूस मेलं तरी तुझा राग मरत नाही." त्यानंतर आपण बोललो नाही.

मी निघते आता. खाली सून अंडी उकडतेय, वास आला. वर पोचल्यावर पुढचं लिहीन. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.


१२ ऑक्टोबर, साडेनऊ

बारा किलोमीटरपैकी पाच झाले. एका मोरीच्या कठड्यावर बसलेय. कागद मांडीवर आहे, म्हणून अक्षर असं.

ताई, तेव्हा आपण हा रस्ता बहुतेक ढकलतच चढलो होतो, आठवतं? तू नियम काढला होतास, शंभर पायडल मारायचे, मग उतरून दोनशे पावलं ढकलायचं. मोजायची तू. मोठ्याने. वर्गात पट घ्यावा तशी. समोरून येणारे ट्रकवाले काच खाली करून बघायचे, की या दोन पोरी आकडे का ओरडतायत. एकाने तर पुढचा आकडा ओरडून सांगितला होता आणि चुकीचा सांगितला होता. तू त्याला थांबवून दुरुस्त करायला निघाली होतीस.

आणि तुझा भूगोल. श्वास फुललेला, तरी सोडला नाहीस. "बारके, हा सगळा डोंगर एके काळी समुद्राच्या तळाशी होता." मी म्हणाले, "मग परत जाऊ दे की तळाशी, आत्ताच." तुला एवढं हसू आलं की सायकल आडवी झाली आणि मागच्या पिशवीतला पाव रस्त्यावर गडगडला. आपण दोघी पावामागे पळालो. चढ कष्टाने चढलेला, तोच पावासाठी परत उतरलो. तीस-चाळीस पावलं तरी असतील.

मी त्या दिवशी जेवढी हसले तेवढी पुन्हा कधी हसले नाही. हसण्यासारखं नंतर काही घडलं नाही असं नव्हे. लग्न झालं, मुलगी झाली, ती फार विनोदी आहे, तुझ्यावर गेलीय. पण पोटात दुखेपर्यंत, रस्त्यावर बसून, ते नाही.

आज मी ढकलत नाहीये. सगळ्यात हलक्या गिअरवर बसल्या बसल्या फिरवतेय. चालणारं माणूस मला मागे टाकेल अशी गती आहे. मघाशी एका कुत्र्याने टाकलं. गुडघे बरे आहेत. डाव्याचा फोटो मी स्वतःच काढलाय निघण्यापूर्वी, झीज आहे पण चालेल. पाठ दुखते. सीटवर बसण्याची जागा विचारूच नकोस.

एक सांगायचंय पण ते इथे सांगत नाही. वर जाऊन सांगते.


१२ ऑक्टोबर, दुपारी दोन

वर आले. खिंडीत आहे. आणि एक मजा झाली. मजा म्हणायची का माहीत नाही, तूच ठरव.

खिंडीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललंय. एका बाजूने खणलेला, त्यामुळे एका वेळी एकाच दिशेची वाहनं सोडतात. तिथे एक मुकादम बसलेला, पत्र्याच्या शेडसमोर, हातात लाल-हिरवी पाटी. साठीचा असेल. मी पोचले तेव्हा पाटी लाल होती. मागे दोन ट्रक, एक मोटार, आणि सगळ्यांच्या पुढे मी.

मुकादम माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "खालून आलात?"

"हो."

"यावर?"

"हो."

"घरी माहीत आहे का?"

मी म्हणाले, मुलीला माहीत आहे. त्याने मला शेडमधलं स्टूल आणून दिलं, पाणी दिलं. मग विचारलं, "एकट्याच?"

ताई, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, बहीण आहे बरोबर. मागे राहिलीय, येतेय."

खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं. एकटी बाई म्हणून भीती वाटली म्हणावं, तर तसलं काही त्याच्या तोंडावर नव्हतं. मला वाटतं मला ते वाक्य नुसतं म्हणून बघायचं होतं.

तो म्हणाला, "मोठी का धाकटी?"

"मोठी. चार वर्षांनी."

"मग येतील हळूहळू."

पाच-सात मिनिटांनी पलीकडची वाहनं संपली. त्याने पाटी हिरवी करायला हवी होती. केली नाही. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मुकादमाने त्याला हाताने थांब म्हटलं. मोटारवाला उतरून आला, "काय झालं, सोडा ना." मुकादम म्हणाला, "या बाईंची बहीण येतेय मागून. खडी ओली आहे, वळणावर दोघी बरोबर असलेल्या बऱ्या. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही."

आणि सगळे थांबले. मोटारवाल्याने आधी तोंड वाकडं केलं, मग तोही कठड्यापाशी जाऊन खाली वळणांकडे बघायला लागला. ट्रकवाला टपावर चढला. म्हणाला, "दिसत नाहीत अजून. सायकलचा रंग काय आहे?"

मी म्हणाले, "काळा."

ताई, चार परकी माणसं घाटाच्या तोंडाशी उभी राहून तुझी वाट बघत होती. मीही बघत होते. खरंच बघत होते, वेड लागल्यासारखी. तेव्हा मी वर आधी पोचले होते, बारा मिनिटं आधी, आणि याच कठड्यावर उभी राहून तुला वळणावळणावर शोधत होते. तू दिसलीस तेव्हा आकडे मोजत होतीस आणि तुझा आवाज बसला होता. वर आलीस, सायकल टाकलीस आणि मला मिठी मारून म्हणालीस, "आता बाबांना सांगायचं, तुमच्या मीटर रीडिंगच्या सायकलने घाट मारला." रुमालाने सीट पुसत राहिले. तू म्हणालीस, "काय गं, रडतेस काय?" मी म्हणाले घाम आहे.

शेवटी मी मुकादमाला सांगितलं. म्हणाले, "सोडा तुम्ही वाहनं. ती येणार नाही. ती आलेलीच नाही."

तो रागावला नाही. पाटी फिरवली, ट्रक गेले, मोटार गेली. मोटारवाल्याने जाताना माझ्याकडे असं बघितलं की तोंड लपवावंसं वाटलं. मग मुकादम म्हणाला, "भांडण झालंय का?"

"अकरा वर्षं झाली."

"कुणाची चूक?"

मी म्हणाले, "तिला वाटतं काकांची."

तो म्हणाला, "मी तिचं नाही विचारलं."

मी अजून त्याच्या स्टुलावरच बसून हे लिहितेय. तो वाहनं सोडतोय आणि मध्ये मध्ये बघतोय मी काय करतेय ते. उतार तेवीस किलोमीटरचा आहे. खाली जाऊन, ब्रेक थंड झाल्यावर, पुढचं लिहिते. आता टाळणार नाही.


१२ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच

उतरले. पलीकडच्या गावात, ओढ्याच्या काठाला बसलेय. बोटं ब्रेक धरून धरून वाकडी झालीयत, पेन धरवत नाही. तरी लिहिते.

सकाळी मी लिहिलं की मी तुला सांगितलं, लाइन लागली नाही. वाक्य जपून लिहिलं होतं. तू शाळेतली बाई, व्याकरण शिकवलेली, तुला कळलंही असेल.

लाइन लागली होती, ताई.

दुसऱ्याच खेपेला लागली. काकांनी उचलला. आधी काच कापल्याचा आवाज आला, कर्रर्र, मग त्यांचा आवाज. म्हणाले, "बरं झालं तूच केलास, मी आता तिकडच्या खानावळीत लावणारच होतो. दादाला दुपारी दवाखान्यात नेलंय. छातीत दुखत होतं. घाबरू नकोस, डॉक्टर बघतायत. पण तुम्ही दोघी निघून या. तिथून सकाळी सातला बस आहे, मी चौकशी केलीय." मी म्हणाले, "फार आहे का?" ते म्हणाले, "ते मला काय कळतंय, पोरी. तू ये. थोरलीला नीट सांग, एकदम सांगू नकोस."

मी हो म्हणाले. बूथपासून खानावळीपर्यंत चार मिनिटांचा रस्ता होता. त्या चार मिनिटांत मी 'घाबरू नकोस' एवढंच धरून ठेवलं, बाकीचं सगळं सोडून दिलं. अंगणात आले तर तू तेलाच्या हातांनी घाटाकडे बघत होतीस. म्हणालीस, "लागला का फोन?" आणि मी म्हणाले, "लाइन लागली नाही."

मला वाटलं, एक दिवस. तीन वर्षं वाट बघितलीय हिने. उद्या घाट होऊ दे, परवा पलीकडून बस पकडू. एका दिवसाने काय होतंय.

सव्वाचारला गेले बाबा. सातची बस पकडली असती तर आपण दोनला पोचलो असतो. हा हिशेब मी इतक्या वेळा केलाय की आता त्यात बसचे मधले थांबेसुद्धा येतात. सव्वाचारला आपण याच ओढ्यात पाय सोडून बसलो होतो. तू घड्याळ बघून म्हणालीस, "सव्वाचार. आज उजेडात पोचलो बघ." आणि माझ्या तोंडावर पाणी उडवलंस.

मग संध्याकाळी तू फोन केलास. मी बूथच्या बाहेर होते. काचेतून तुझी पाठ दिसत होती, ती आधी सरळ झाली आणि मग भिंतीला टेकली. मग ओरडलीस, "यादी लावलीय ना दुकानात? नंबर होता ना त्यात? एक फोन करायचा होता तुम्हाला. एक." मी दाराला हात लावून उभी होते आणि वाट बघत होते की आता ते सांगतील, थोरले, मी सांगितलं होतं, बारकीला विचार. तू बाहेर आलीस. म्हणालीस, "चुकलं माझं, म्हणतात. नुसतं चुकलं."

त्यांनी सांगितलं नाही, ताई. आणि मीही नाही. आपण दीड दिवसाने घरी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. काका दारातच उभे होते. तू त्यांच्या बाजूने आत गेलीस, त्यांच्याकडे न बघता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको, अशी. लहानपणी काचेच्या तुकड्यांकडे हात गेला की हलवायचे ना, तशी.

काकांची चूक नव्हती. माझी होती. एवढं लिहायला मला एकतीस वर्षं आणि एक घाट लागला.

हे पत्र इथल्या पेटीत टाकतेय. उद्या सकाळी टाकू म्हटलं तर टाकणार नाही.


१६ ऑक्टोबर, दुपारी एक

ताई,

आधीचं पत्र तुला मिळालं असेल किंवा वाटेत असेल. मी आता सपाटीवर आहे. दोन्ही बाजूंना शेतं, रस्ता सरळ, वारा समोरून. दिवसाला साठ किलोमीटर व्हायचे ते चाळिसावर आलेत. काल मागच्या चाकाचा आरा तुटला. तू शिकवलं होतंस तसं बदलायला गेले, चाक काही केल्या सरळ होईना, शेवटी गावात एका सायकलवाल्याकडे नेलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "हे कोणी केलं?" मी म्हणाले, माहीत नाही.

बघ, अजून सवय गेली नाही.

म्हणून हे दुसरं पत्र. त्या दिवशी मी लिहिलं की तुझ्यासाठी लपवलं, तुझी तीन वर्षांची वाट म्हणून. चार दिवस पायडल मारताना ते वाक्य डोक्यात फिरतंय. ते खोटं नाही, पण सगळं खरंही नाही.

तेव्हाही एकोणीस दिवस मी तुझ्या मागे होते. सपाटीवर तुझी लय, तुझा वेग, तू थांबशील तिथे थांबायचं. घरातही तेच. तू शिकलीस मग मी शिकले, तुझे कपडे मग मला. आणि आदल्या दिवशीच्या छोट्या चढावर माझ्या लक्षात आलं की चढावर मी तुझ्यापेक्षा बरी आहे. तुला कळू नये म्हणून मुद्दाम मागे राहिले. रात्रभर मला एकच दिसत होतं, की उद्या मी वर आधी पोचणार. मला घाट हवा होता, ताई. मला. तुझ्याआधी बारा मिनिटं. त्यासाठी मी बूथवरून येऊन ते बोलले.

काकांबद्दल पण सांगायचं राहिलं. तुझ्या लग्नानंतर एकदा मी त्यांच्या दुकानात गेले होते. ते कुणाच्या तरी आजोबांचा फोटो बसवत होते. मी म्हणाले, "काका, मी ताईला सांगते सगळं. बास झालं आता." त्यांनी फोटोवरची फुंकर पूर्ण केली, काच लावली, मागचे खिळे ठोकले, आणि मग म्हणाले, "ती माझ्याशी बोलत नाही, ते मला जमतंय. काकू आहे, दुकान आहे. तुला तिच्याशिवाय कोण आहे? आणि तिला तुझ्याशिवाय? तुम्ही दोघी तुटलात तर दादाला काय सांगू?"

मी ऐकलं. मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं. आणि ते गेल्यावर त्यांच्याचवरून मी तुझ्या शाळेत येऊन तुला बोलले. ज्या रागाला मीच खतपाणी घातलं, त्याच रागासाठी तुला चारचौघांत नाव ठेवलं. घरी आल्यावर मला ताप भरला होता. तीन दिवस.

काकू अजून दुकानाच्या वरच्या मजल्यावरच राहते. दुकान दुसऱ्याला दिलंय. तिला आता फारसं दिसत नाही. मी महिन्यातून एकदा जाते, पण तिच्यासमोर हा विषय काढायची माझी कधी छाती झाली नाही.

मी माफी मागत नाहीये. मागितली तर तुला द्यायची की नाही हे ठरवावं लागेल, तेवढाही भार टाकायचा नाही. फक्त काकांवरचा राग तू उतरव. तो त्यांचा नव्हता.

शेवटच्या गावात, समुद्रावर, मी तीन किंवा चार नोव्हेंबरला पोचेन. तिथल्या टपाल ऑफिसात विचारीन काही आलंय का. नसलं तरी चालेल.

बारकी


२७ ऑक्टोबर

बारके,

पत्रं मिळाली. चारही कागद एकाच पाकिटात कोंबलेस, पाकीट फाटून आलं होतं. पोस्टमनने दोऱ्याने बांधून दिलं. दुसरं पत्र तीन दिवसांनी आलं.

पहिल्या दिवशी वाचून कपाटात टाकलं आणि शाळेत गेले. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन दिवस जाते. पाचवीच्या वर्गाला नद्या शिकवत होते. मध्येच थांबले आणि पुढचं काही आठवेना. मुलं म्हणाली, बाई, पाणी आणू का. असं माझं छत्तीस वर्षांत झालं नव्हतं.

तुला माफ केलं असं लिहायला आता दोनदा पेन टेकवलं. लिहवत नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही, ते तुझ्याकडे पुरेसं झालंय. मला राग आहे. घाटाचा तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. बाबा गेले त्याच दिवशी तो आला, याचं वाईट वाटायचं, तरी तो माझा होता. मुलांना मी तो वर्गात सांगायचे, पाव गडगडल्याचं. आता सांगता येणार नाही. पाव आठवला की बाबा दवाखान्याच्या खाटेवर दाराकडे बघत असतील असं दिसतं. हे तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं, असं एक दिवस वाटलं. मग दुसरं पत्र वाचलं आणि तसं वाटायचं थांबलं.

बारा मिनिटांचं वाचून मला हसू आलं, ते मला आवडलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं की तू आदल्या दिवशी मुद्दाम मागे राहिलीस. मी काही आंधळी नव्हते.

गुरुवारी काकूकडे गेले. एकतीस वर्षांनी. जिना चढताना वरून आवाज आला, "थोरली ना? तिसरी पायरी हलते, कडेने ये." मी काही बोललेही नव्हते. पावलावरून ओळखलं.

बसले. तिने पाणी दिलं, मी घेतलं. मग म्हणाले, "काकू, बारकीचं पत्र आलंय."

ती म्हणाली, "उशीर केला तिने."

"तुला माहीत होतं?"

"ह्यांनी फोन घेतला तेव्हा मी शेजारीच डाळ निवडत होते. तुम्हा दोघींचंही बोलणं ऐकलं. तिचंही आणि दुसऱ्या दिवशीचं तुझंही."

मी म्हणाले, "मग मला एकदा तरी सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "ह्यांनी बजावलं होतं. आणि तू कधी विचारायला आलीस?"

तुझं खोटं एका वाक्याचं, पण त्यावर वीस वर्षांची भिंत मी बांधली. एकदाही त्या माणसासमोर बसून विचारलं नाही, की काका, त्या दिवशी नक्की काय झालं. मला वाटायचं मला सगळं माहीत आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकेत असा आगाऊपणा दिसला की मी गुण कापते.

काकू रडली नाही. मी रडले. तिने माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "ते तुझ्या लग्नातून घरी आले तेव्हा मला म्हणाले, शालू छान दिसत होता तिला." एवढंच सांगितलं. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. मला ऊठ म्हणाली नाही, बस म्हणाली नाही, दोन ताटं घेतली.

आता दर गुरुवारी चारला जायचं ठरलंय. त्या दिवशी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. निधनाच्या बातम्या आधी, मग हवामान, असा तिचा क्रम आहे.

तुझ्या रस्त्याबद्दल. शेवटच्या तीन दिवसांत वारा समुद्रावरून येतो आणि दुपारनंतर चढतो. सकाळी साडेपाचला निघ, अकरापर्यंत जेवढं होईल तेवढं कर, मग थांब. आरा बदलताना आधी समोरच्या बाजूचा सैल करायचा असतो, हे मी तुला सांगितलं होतं, तू लक्ष देत नव्हतीस.

परत आलीस की गुरुवारी चारला काकूकडे ये. तिला सगळं माहीत आहे, तरी ते तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तसं ती म्हणाली. पत्र चालणार नाही, तिला वाचता येत नाही आता, आणि मी वाचून दाखवणार नाही. तू सांगायचंस, पहिल्यापासून, बूथपासून. मी मध्ये बोलणार नाही.

मी शेजारी बसेन.

ताई